दोर नाकारलेली नाव

कालिंदी सोवनीला 'नाही' म्हणायची सवय फार लवकर लागली. वडील वाईहून कलकत्त्याच्या बंदरात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. तिचा जन्म खिदिरपूरचा, गोदीच्या भोंग्यांच्या आवाजातला. शाळेत बंगाली मुली तिला 'बर्गी' म्हणून चिडवायच्या. मराठ्यांच्या घोडेस्वारांनी बंगाल लुटला त्याला दोन-अडीचशे वर्षं उलटली, तरी तिकडे पोरांना झोपवताना अजून बर्ग्यांची भीती घालतात. इतर मराठी मुली रडत घरी जायच्या. कालिंदी म्हणायची, "हो, आहे मी बर्गी. डबा उघड."

चोविसाव्या वर्षी पुण्याचं स्थळ आलं. पत्रिका जुळली, माणसं बरी वाटली. बोलणी पक्की करायला बसले तेव्हा मुलाची आई कौतुकाने म्हणाली, "आता एकदा तिकडचं सगळं आवरायचं आणि इकडची होऊन जायचं." कालिंदीने विचारलं, "आणि ह्यांनी इकडचं आवरून तिकडचं व्हायचं म्हटलं तर?" बोलणी तिथेच फिसकटली. वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढे फारशी स्थळं आली नाहीत आणि तिनेही कुणाची वाट पाहिली नाही.

ती बंदराच्या नदी-खात्यात लागली. हुगळीला भरती कधी येणार, पाणी किती चढणार, कुठली वाळू कुठे सरकली, हे पाहून जहाजांना वाट सांगणारं ते खातं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाला, की लाँचवर चढून मोजमापं घ्यावी लागतात, बायकांना जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती कॅनव्हासचे बूट घालून आली आणि लाँचवर चढली. निवृत्त होईपर्यंत चढत राहिली.

निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात. कालिंदी, इतकी वर्षं नकाशावर नुसती नावं म्हणून जी गावं पाहिली होती, ती पाहायला निघाली. पाटनाखाली त्यांतलं एक. हावड्याहून लोकलने बागनान, तिथून टोटो, म्हणजे विजेची रिक्षा, आणि शेवटी रूपनारायण नदीचा बांध. बांधाच्या खाली चिखलात उलट्या घातलेल्या होड्या, डांबराचा वास आणि कुठेतरी लाकडावर बसणारे वासल्याचे घाव. ह्या गावात पिढ्यान्‌पिढ्या नावा बांधायचं काम. एके काळी इथल्या शिडाच्या मालवाहू नावा भात आणि कौलं भरून कलकत्त्याला जायच्या. मग रस्ते आले, ट्रक आले. शिडं उतरली. तरणे मिस्त्री केरळातल्या गोद्यांत निघून गेले. उरलेले मासेमारीच्या लहान होड्या ठोकत बसले.

बांधावरच्या चहाच्या टपरीत तिला निर्मला माझी भेटली. पंचेचाळिशीची, बोलायला फटकळ. तिचा नवराही केरळात. गावातल्या काही बायकांना जमवून तिने एक उद्योग सुरू केला होता: शहरातल्या माणसांना घरी राहायला बोलवायचं, आपण खातो ते खाऊ घालायचं, नदीवर न्यायचं, नाव कशी बांधतात ते दाखवायचं. चार घरं तयार झाली होती. पाहुणे मात्र अधूनमधूनच यायचे.

"तुम्ही राहणार?" निर्मलाने विचारलं.

"राहणार."

ती राहिली आणि मग येतच राहिली. पाहुण्यांचे फोन घेणं, इंग्रजीत उत्तरं देणं, कुठल्या दिवशी नदीत पाणी कसं असेल ते सांगणं, ही कामं तिच्याकडे आपोआप आली. दोघींचं पहिलं भांडणही लवकरच झालं. निर्मला घरांवर पत्रे घालायच्या बेतात होती आणि कालिंदीचं म्हणणं, की गवती छपरंच हवीत, तीच गावाची ओळख.

"दीदी, आषाढात येऊन ह्याच घरात राहा. मग बोलू आपण."

कालिंदी हट्टाने आषाढात गेली. छप्पर नेमकं तिच्या उशीवर गळलं. सकाळी तिने ओली उशी निर्मलाच्या हातात दिली आणि म्हणाली, "घाल पत्रे." गावात ह्या गोष्टीवर लोक महिनाभर हसत होते. तिला 'बर्गीदीदी' हे नाव पडलं ते तेव्हाच, आणि ते ठेवलं पंचानन मिस्त्रींनी.

पंचूकाका गावातले सगळ्यात जुने मिस्त्री. शिडाची मोठी नाव स्वतः बांधलेला आता तो एकच माणूस उरला होता, आणि तीही त्याने भर तारुण्यात बांधलेली. एके दिवशी बायकांच्या बैठकीत निर्मला म्हणाली, "पाहुण्यांना आपण किती दिवस सांगणार, की इथे मोठी नाव बांधायचे? बांधूनच दाखवू या." काका आधी चिडले. हात कापतात, म्हणाले. लाकूड मिळत नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बाभळीचे वाकडे बुंधे हाताने चाचपत फिरताना दिसले.

नाव बांधायला वर्ष गेलं. फळीला फळी जोडत आधी बाहेरचं अंग उभं राहिलं, मग आतल्या फासळ्या बसल्या. पाहुणे बांधावर उभे राहून बघायचे. ज्याला वाटेल तो हातही लावायचा. गाबाची कच्ची फळं कुटून त्यांचा चिकट रस काढायचं काम बायकांचं. त्या रसाने लाकूड आणि शीड पाण्यात कुजत नाही. शीड शिवलं रुकसाना बीबी आणि तिचा नवरा जब्बार ह्यांनी. जब्बारच्या घरात शिडं शिवायचं काम त्याच्या आजोबांपासूनचं. पाहुण्यांच्या चार घरांतलं एक घरही त्यांचंच. नाव पाण्यात लोटली त्या दिवशी अर्धा तालुका बांधावर होता. नाव पाण्यावर सरळ बसली, हे पाहिल्यावर पंचूकाका घरी जाऊन झोपले.

आणि मग मिहीर आला.

मिहीर कालिंदीच्या भावाचा, प्रमोदचा मुलगा. जन्म, शाळा, कॉलेज सगळं कलकत्त्यात. आता शहरालगतच्या न्यू टाउनमध्ये पर्यटनाच्या एका मोठ्या कंपनीत होता. मराठी बोलायचा, पण बंगालीत लिंगभेद नसल्यामुळे नाव आणि बोट त्याच्या तोंडी कधी 'तो' असायची, कधी 'ते'. आत्याच्या गावाचे फोटो त्यानेच साहेबाला दाखवले होते. साहेब खूश झाला होता.

निर्मलाच्या अंगणात चटईवर बसून त्याने कंपनीची योजना सांगितली. दर शनिवारी-रविवारी बसभर माणसं येतील. गावाच्या तोंडाशी कंपनीची कमान लागेल. बायकांनी लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून शंख वाजवायचा. प्लास्टिकच्या बादल्या, पत्रे दिसतील तिथे बांबूचे तट्टे लावायचे. आणि ती मोठी नाव ट्रकने न्यू टाउनला न्यायची. तिथे कंपनीचं 'ग्रामीण अनुभव केंद्र' उभं राहतंय, त्याच्या दारात ती कायमची ठेवायची.

बायका ऐकत होत्या.

"अजून एक," मिहीर म्हणाला. आता तो मराठीत आत्याकडे वळला. "ते रुकसानाचं घर... ते आत्ता नको, आत्या. तू समजून घे. काही गेस्ट विचारतात, जेवण कुणाच्या हातचा आहे म्हणून. मला पर्सनली काही नाही. नंतर बघू."

"बंगालीत सांग," कालिंदी म्हणाली.

"आत्या, प्लीज."

"रुकसाना समोर बसली आहे. जे आहे ते तिला कळेल असं सांग."

मिहीरचे कान लाल झाले. त्याने सांगितलं नाही. पण त्याच्या तोंडून रुकसानाचं नाव बायकांनी ऐकलं होतं, आणि बाकीचं त्याच्या चेहऱ्यावर होतं. रुकसानाने चहाचे कप गोळा केले आणि ती उठली.

कालिंदी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात निर्मलाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दीदी, थांबा. हे आमचं आहे." मग ती मिहीरला म्हणाली, "बाबा, तू दीदींचा भाचा. जेवल्याशिवाय जायचं नाहीस. पण साहेबाला सांग, ज्या घरात शीड शिवलं त्या घराला वगळून नाव कुठेही जाणार नाही. ट्रकवर तर नाहीच. नाव काय गाय आहे, दावं धरून न्यायला? आणि शंख आम्ही संध्याकाळी वाजवतो, देवासाठी. बससाठी नाही."

मिहीर जेवला नाही. त्या रात्री प्रमोदचा फोन आला. "पोराने तुझ्या भरवशावर साहेबाला शब्द दिला होता, कालिंदी. त्या खेड्यातल्या माणसांसाठी घरच्या माणसाला तोंडघशी पाडलंस."

"त्याने शब्द देताना कुणाला विचारलं होतं?"

"तुला नेहमी हेच."

"हो," ती म्हणाली, "मला नेहमी हेच."

भावाबहिणीचं बोलणं बंद झालं.

पुढे काही महिने गावाकडे पाहुणे कमी झाले. कंपनीने नदीच्या वरच्या अंगाला एका ठिकाणी जागा घेऊन आपली कमान तिथे उभारली; शंख, साड्या, तट्टे सगळं तिथे सुरू झालं. त्याचं पाटनाखालीला फारसं वाटलं नाही. पण एक दिवस एका पाहुणीने निर्मलाला फोनवर फोटो दाखवला, न्यू टाउनच्या त्या केंद्राचा. दारात नाव उभी होती. त्यांचीच वाटावी अशी.

तिघं जण बघायला गेले: कालिंदी, निर्मला आणि पंचूकाका. काकांनी धुतलेलं धोतर आणि बंद गळ्याचा कोट घातला होता. काचेच्या इमारतींमधून चालताना ते मान वर करून काही बघत नव्हते. त्यांना नाव बघायची होती.

नाव प्लायवुडची होती. वरून तपकिरी रंग, आत लोखंडी सांगाडा आणि मध्ये आइस्क्रीमचा गाडा. पोरं नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकावर, बसून फोटो काढत होती. काकांनी नावेच्या कडेवर बोटाने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. बाजूला एक पाटी होती, बंगालीत आणि इंग्रजीत. काकांना चष्म्यातूनही लांबचं वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंय?"

कालिंदीने वाचून दाखवलं: पाटनाखालीची शेवटची नाव. आता लुप्त झालेल्या एका कलेची आठवण.

"लुप्त?" काका म्हणाले.

"असं लिहिलंय."

"म्हणजे मी मेलो?"

काकांनी पुन्हा एकदा प्लायवुडवर टिचकी मारली. "हिला पाण्यात घाला," ते मोठ्याने म्हणाले. आइस्क्रीमवाला चपापला. "घाला म्हणतो! बघू या कोण लुप्त होतं ते."

मिहीरचं ऑफिस त्याच भागात होतं. कालिंदीने त्याला खाली बोलावलं. तो आला, पण उभ्या उभ्याच बोलला. "आत्या, ते मजकूर मी नाही केलं. एजन्सीने केलंय."

"मग बदलून घे. माणूस इथे जिवंत उभा आहे."

"मला तेवढा अधिकार नाही."

"मग ज्याला आहे त्याला सांग, की आम्ही येतोय."

"कुठे?"

"कलकत्त्याला. नाव घेऊन. पाण्यातून."

हे ती बोलून गेली तेव्हा निर्मलाला किंवा काकांना तिने काहीच विचारलेलं नव्हतं. परतीच्या लोकलमध्ये ते लक्षात येऊन तिची तिलाच लाज वाटली. "निर्मला, मी परस्पर बोलले."

"बोललात ते बरं केलंत," निर्मला म्हणाली. "मी त्या पाटीवर दगड घालणार होते."

निघायचं ठरलं फाल्गुनात, कारण तेव्हा दक्षिणेचा वारा सुटतो आणि कलकत्ता तिथून उत्तरेला. रूपनारायणातून ओहोटीबरोबर खाली उतरायचं, गादियाडाच्या टोकाला वळसा घालून हुगळीत शिरायचं आणि भरती लागली की तिच्या पाठीवर बसून वर जायचं. ओहोटीला नांगर टाकून थांबायचं. अमावास्या-पौर्णिमा टाळायची, कारण त्या दिवसांत हुगळीला भिंतीसारखी लाट येते. दिवस कालिंदीने काढून दिला. परवानगीसाठी ती आपल्या जुन्या कचेरीत गेली. तिथला तरुण अधिकारी भला होता, पण धास्तावलेला. शिडाची नाव, मोठ्या जहाजांच्या वाटेत, आणि चालवणारा ऐंशीच्या घरातला!

"मॅडम, इतक्या वर्षांत कुणी शिडावर आलेलं नाही."

"तुमच्या बंदराला शिडाची बंदी आहे का?"

"बंदी नाही."

"मग अटी सांगा."

त्याने अटी सांगितल्या. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, वायरलेस, आणि सोबत एक भुटभुटी, म्हणजे इंजिनची होडी. तिच्यावर बंदराचा माणूस. कालिंदीने सगळं मान्य केलं.

खरी अडचण घाटावर आली. नाव सजली, नाळेला हळद-कुंकू लागलं, मिस्त्री चढले. निर्मला आणि रुकसाना चढायला पुढे झाल्या तसे पंचूकाका आडवे आले. "बायका चढत नाहीत. मोठ्या नावेवर कधीच चढलेल्या नाहीत. अपशकुन होतो."

"काका," निर्मला म्हणाली, "गाब कुणी कुटला?"

"तुम्ही."

"शीड कुणी शिवलं?"

काकांनी वर शिडाकडे पाहिलं.

"नाव बांधायची हे बैठकीत ठरवलं कुणी? गाब अपशकुनी नाही, शीड अपशकुनी नाही, आणि आम्ही तेवढ्या अपशकुनी? मग गाब खरवडून काढा आणि शीड उसवून द्या आमचं. जा तसेच."

बांधावर सगळा गाव उभा. म्हातारा नदीकडे वळला. मग कुरकुरत म्हणाला, "ही बर्गीदीदी पण येणार?"

"येणार," कालिंदी म्हणाली, आणि कुणी हात द्यायच्या आत फळीवरून चढली. मागून निर्मला, मागून रुकसाना. काका सुकाणूपाशी गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "पाय कुठे ठेवता ते बघा. दोरात अडकाल."

पहिला दिवस सुखाचा गेला. गादियाडाच्या पुढे पाणी समुद्रासारखं पसरलं, शीड भरलं, आणि इतकी वर्षं कागदावर पाहिलेली नदी कालिंदीच्या पायाखालून आवाज न करता सरकू लागली. लाँचवर इंजिनाची थरथर असायची. इथे नुसती लाकडाची कुरकुर. जब्बार शिडाच्या दोरावर हात ठेवून बसला होता, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. उलुबेडियाच्या वर ओहोटी लागली, तेव्हा काठाला नांगर टाकला. भाताबरोबर डाळ आणि तळलेले मासे झाले. निर्मलाने उरलेल्या शिडाच्या कापडावर डांबराने मोठी अक्षरं काढली: 'लुप्त नाही. पाटनाखाली, हावडा जिल्हा. या.'

दुसऱ्या दिवशी मटियाबुर्जच्या पुढे घोळ झाला. दोन्ही काठांना उंच क्रेन आणि गोदामं. वारा अडला आणि शीड ओल्या पंच्यासारखं लोंबलं. समोरून राखेने भरलेला लोखंडी बार्ज भोंगा वाजवत आला. त्याच्या लाटेने नाव अशी हलली, की भाताचं पातेलं गडगडत गेलं आणि रुकसाना डोलकाठीला मिठी मारून बसली. बार्ज गेला. नाव मात्र जागच्या जागी फिरू लागली.

भुटभुटी जवळ आली. बंदराच्या माणसाने दोर फेकला. "बांधा! मी ओढून नेतो. भरती संपत आली, मग मागे वाहत जाल!"

दोर निर्मलाच्या पायाशी पडला. सगळे काकांकडे बघायला लागले आणि काका कालिंदीकडे. "पाणी किती उरलंय, दीदी?"

कालिंदीने पाण्याकडे पाहिलं. जेटीच्या खांबांना घासून जाणारा फेस अजून वरच्या दिशेनेच चालला होता, पण सुस्तावला होता. "आहे अजून," ती म्हणाली. "थोडंच आहे. पण आहे."

"वल्ही काढा," काका म्हणाले.

निर्मलाने दोर उचलला, गुंडाळला आणि भुटभुटीवर परत फेकला. "धन्यवाद, दादा. ओढून आणलेली एक नाव न्यू टाउनमध्ये आहे. तेवढी पुरे."

वल्ही चार होती. मिस्त्री दमले तशा बायका बसल्या. कालिंदीचा उजवा खांदा गेल्या वर्षीच आखडलेला. पहिल्या दोन-तीन हातांतच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दात आवळले. शेजारी रुकसाना बसली होती, बार्जची भीती अजून गेली नव्हती, पण हात थांबत नव्हते. खिदिरपूरच्या गोदीचं तोंड आलं आणि मागे पडलं. गोदीच्या भिंतीवरचे हमाल हातातलं काम टाकून उभे राहिले. एकाने शिट्टी मारली आणि मग सगळेच मारू लागले. विद्यासागर सेतूची सावली अंगावरून गेली, तशी वाऱ्याची एक झुळूक आली. जब्बारने दोर खेचला. शीड एकदा फडफडलं आणि भरलं.

बाबूघाटाला नाव लागली तेव्हा नदीचं पाणी थबकून उभं होतं. हावड्याच्या फेरीबोटीतले लोक एका बाजूला जमल्यामुळे बोट कलली. पंचूकाका पायऱ्यांवर उतरले, पाणी तोंडावर मारलं आणि पहिला माणूस दिसला त्याला म्हणाले, "मी पंचानन. मी लुप्त नाही." तो बिचारा फुलं विकणारा होता. त्याने एक हार काकांच्या गळ्यात घातला.

नाव तिथे तीन दिवस होती. माणसं चढत होती, फळ्या चाचपत होती, प्रश्न विचारत होती. वर्तमानपत्रात फोटो आला. मराठी मंडळातल्या बायकाही आल्या, त्यांतली एक कालिंदीला बाजूला घेऊन म्हणाली, "सगळं छान आहे हो, पण एवढी धडपड आपल्या कोकणातल्या नावांसाठी केली असतीत तर?"

"तुम्ही सुरू करा," कालिंदी म्हणाली. "शीड ओढायला मी येते. मी जन्मले ह्या नदीवर, म्हणून इथून सुरुवात केली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिहीर आला. ऑफिसची बॅग पाठीला, गर्दीच्या मागे उभा. कालिंदीने त्याला पाहिलं, पण हाक मारली नाही. रुकसाना मुढी, म्हणजे कुरमुरे, आणि खोबऱ्याचे लाडू वाटत होती. तिने त्याला ओळखलं, बशी भरली आणि त्याच्यापुढे धरली.

"हे... तुमच्या हातचं?" त्याने बंगालीत विचारलं.

"हो. माझ्या हातचं."

त्याने उभ्या उभ्या सगळं खाल्लं. बशी परत दिली. आत्याकडे एकदा बघून मान हलवली आणि रस्ता ओलांडून निघून गेला. त्याने नोकरी सोडली नाही, आणि कालिंदीने ती सोडावी असं म्हटलंही नाही. प्रमोद अजून फोनवर तुटकच बोलतो. न्यू टाउनमधली प्लायवुडची नाव अजून तिथेच आहे. पाटी मात्र बदलली: आता नुसतं 'पाटनाखालीच्या नावेची प्रतिकृती' एवढंच लिहिलंय. माफी मागायला कुणी आलं नाही.

पाटनाखालीत ह्या हिवाळ्यात चाराची सात घरं झाली. केरळातून दोन तरणे मिस्त्री परत आले. बाकीचे आले नाहीत. त्याच्या आधीच, पावसाळ्यापूर्वी, कंपनीने चैत्राली नावाची एक नवी बाई पाठवली. निर्मलाने तिला चहा दिला आणि आपल्या अटी ऐकवल्या: कमान नाही, वेश नाही, आणि पाहुण्यांचं पहिलं जेवण रुकसानाच्या घरी. चैत्राली विचारून सांगते म्हणाली. कालिंदीला हे सगळं पुष्कळ दिवसांनी, फोनवर बोलता बोलता कळलं.

"मला कळवलं का नाहीस?"

"तुम्ही कामात असाल म्हटलं," निर्मला म्हणाली. तिच्या सुरात माफीचा लवलेश नव्हता.

कालिंदी दुपारभर रुसून बसली. संध्याकाळी तिने पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने निघाली. टोटो बांधावर थांबला तेव्हा अंगणात अनोळखी चपलांचा ढीग होता.

"दीदी, तुमची खोली दिली हं पाहुण्यांना," निर्मला स्वयंपाकघरातूनच ओरडली. "तुम्ही आज माझ्याजवळ ओसरीत."

"माझी खोली? न विचारता?"

"ओसरीत वारा चांगला येतो."

कालिंदी दारात उभी राहून भांडायला शब्द शोधत होती. तेवढ्यात आतून कुणीतरी बंगालीत विचारलं, नदीवर कधी जायचं? निर्मलाने कढईतला झारा न थांबवता उत्तर दिलं, "आत्ता आल्या त्या दीदींना विचारा." कालिंदीने पिशवी ओसरीत टाकली, चपला काढल्या आणि पाणी कुठवर आलंय ते बघायला बांधाकडे निघाली. पाहुणे तिच्या मागोमाग.